न विचारलेला प्रश्न : नैराश्यावरच्या गोळ्या आणि स्त्रीचं कामसुख

विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, "मॅडम, तुम्ही तत्त्वज्ञानाच्या. हा विषय डॉक्टरांचा नाही का?" आहे ना. औषध कोणतं, डोस किती, हे डॉक्टरांनीच सांगायचं. पण एखादी गोष्ट लाखो शरीरांत घडत असते आणि तीस वर्षं ती कुठल्या नोंदवहीत चढत नाही, तर हे कसं होतं, हा प्रश्न ज्ञानमीमांसेचा आहे. त्यावर बोलायचा थोडा हक्क मी चाळीस वर्षं शिकवून कमावला आहे, असं समजते.

आणखी एक आधीच सांगते, कारण हे बोलणं पुढे मोबाइलवर फिरेल. हे ऐकून कुणीही आपली गोळी परस्पर बंद करू नका. या गोळ्यांनी माणसं वाचलेली आहेत, मी जवळून पाहिली आहेत. एकदम थांबवल्या तर चक्कर, झोप उडणं, जीव घाबराघुबरा होणं हे होतं, आणि मूळ आजार परत डोकं वर काढतो तो वेगळाच. मी इतिहास सांगणार आहे, सल्ला देणार नाही.

तर सुरुवात क्षयरोगापासून. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर सी व्ह्यू नावाच्या रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे नवं औषध देऊन बघत होते. रोगी नुसते बरे होईनात, ते उत्साहात आले. वॉर्डात नाचणाऱ्या रोग्यांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत आली. पुढे १९५७ साली नेथन क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञानं हेच औषध नैराश्यावर चालतं असं जाहीर केलं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये, बोडनसे सरोवराकाठच्या म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयातले रोलांड कून हे झ्युरिकच्या जागतिक परिषदेत इमिप्रामिनबद्दल बोलले. श्रोते होते जेमतेम डझनभर! आजच्या सगळ्या नैराश्यविरोधी औषधांचा वंश या दोन गोष्टींपाशी जाऊन पोचतो.

कून यांच्याबद्दल मला कुतूहल आहे ते वेगळ्या कारणानं. लुडविग बिन्स्वांगर यांच्या अस्तित्ववादी मानसोपचाराचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. रोग्याला जग कसं दिसतं, वेळ कसा जाणवतो, हे ते त्याच्याच तोंडून ऐकायचे. मोजपट्ट्यांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. पण त्यांना पवित्र मूर्तीसारखं बसवायचं कारण नाही. म्युन्स्टरलिंगेनमध्ये रोग्यांना नीट न सांगता कितीतरी औषधं देऊन पाहिली गेली, हे झ्युरिक विद्यापीठाच्या इतिहासकारांनी २०१९ साली जाडजूड ग्रंथात मांडलं आहे. ऐकणारा माणूससुद्धा सगळं विचारतो असं नाही, आणि सगळं सांगतो असंही नाही.

या कथेत आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. सर्पगंधा तुम्हाला माहीत आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये उच्च रक्तदाबावर सर्पगंधा कशी चालते याचा अहवाल छापला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. तीन वर्षांनी बाझलमध्ये तिच्यातून रेझर्पिन वेगळं काढलं. रेझर्पिन घेणारे काही जण उदास होत, आणि त्या औषधानं मेंदूतलं सेरोटोनिन आणि त्याचे भाऊबंद रिते होतात, असं दिसलं. मग तर्क असा झाला की हे कमी झालं की मन खचतं, तर हे वाढवलं की मन उठेल. हा तर्क फार ढोबळ होता असं आज बहुतेक अभ्यासक म्हणतात. पण औषधांचे कारखाने याच तर्कावर उभे राहिले. सेरोटोनिन हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मुद्द्याकडे येते. १९६० साली मॅक्स हॅमिल्टन यांनी नैराश्य मोजण्याची एक पट्टी तयार केली. अजूनही वापरतात. झोप, भूक, अपराधीपणाची भावना, आत्महत्येचे विचार, प्रत्येकाला गुण. त्यातला चौदावा मुद्दा आहे जननेंद्रियांसंबंधीच्या लक्षणांचा : कामेच्छा नाहीशी होणं आणि पाळीतले बिघाड. दोन्ही एकाच खणात! स्त्रीची इच्छा आणि स्त्रीची पाळी यांना मिळून जास्तीत जास्त गुण दोन. बरं, इथे इच्छा मोजली जाते ती कशाचं लक्षण म्हणून? आजाराचं. म्हणजे गोळी सुरू असताना एखादी बाई म्हणाली, "मला हल्ली काही वाटतच नाही," तर पट्टी काय म्हणणार? आजार अजून गेलेला नाही. डोस वाढवा.

इथे खरी अडचण आहे, ती नाकारून चालणार नाही. नैराश्य स्वतःच इच्छा मारतं. मग इच्छा गेली ती आजारानं की औषधानं? कार्यकारणाचा हा जुनाच पेच आहे. पण पेच सोडवायला एक वाट होती. आजार प्रामुख्याने इच्छेवर घाला घालतो. औषध इच्छा कमी करतंच, पण त्याचा विशेष दिसतो तो शेवटच्या टप्प्यावर. इच्छा आहे, जवळीक आहे, शरीर साथ देतंय, आणि परमोच्च क्षण मात्र येतच नाही, किंवा फार उशिरा आणि फिका येतो. काही जणींना तिथली संवेदनाच बोथट झाल्यासारखी वाटते, काहींना कोरडेपणा येतो. म्हणजे तक्रार नेमकी ऐकली असती तर आजार आणि औषध यांत पुष्कळसा भेद करता आला असता. त्यासाठी "संबंध कसे आहेत?" एवढं मोघम विचारून भागणार नव्हतं. इच्छा, उत्तेजना, पूर्ती असं वेगवेगळं विचारायला हवं होतं.

आणि शास्त्राला हे वेगवेगळं विचारता येत नव्हतं असंही नाही. किन्सी यांचा स्त्रियांवरचा ग्रंथ १९५३ चा. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी प्रयोगशाळेत स्त्रीच्या शरीराचे टप्पे मोजून १९६६ साली छापले. शब्द होते, मोजमापं होती, फक्त ती दुसऱ्या इमारतीत होती. पुरुषांच्या तक्रारी १९६० च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत तुरळक का होईना येत होत्या, कारण त्या दिसतात. स्त्रीचं सुख हरवलं तर बाहेरून काहीच दिसत नाही. ती बोलली तरच कळणार.

माझ्या माहितीतली स्त्रियांबद्दलची एक स्पष्ट नोंद १९८२ ची. अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्रीमध्ये तीन स्त्रियांच्या केसेस छापून आल्या. इप्रोनियाझिडच्याच कुळातली औषधं घेताना या तिघींची कामपूर्ती बंद झाली होती. तीन स्त्रिया! औषधं बाजारात येऊन पंचवीस वर्षं झाली होती, आणि नैराश्याचं निदान स्त्रियांमध्ये पुरुषांच्या साधारण दुपटीनं होतं, हे ध्यानात घ्या. शिवाय १९७७ पासून अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मार्गदर्शिका अशी होती की मूल होऊ शकेल अशा स्त्रियांना औषधचाचण्यांच्या पहिल्या टप्प्यांत घेऊ नये. थॅलिडोमाइडची भीती ताजी होती, हेतू वाईट नव्हता. पण ज्या वयात हा प्रश्न सगळ्यात जास्त बोचतो, त्याच वयाच्या स्त्रिया पहिल्या नोंदींतून वगळल्या गेल्या. ही बंदी १९९३ साली उठली.

मग १९८७. लंडनमध्ये आयझॅक मार्क्स यांच्या गटानं क्लोमिप्रामिनची चाचणी केली, मंत्रचळाच्या रोग्यांवर, नैराश्याच्या नव्हे. हा तपशील महत्त्वाचा आहे. आधी ज्यांची कामपूर्ती व्यवस्थित होती असेच रोगी मोजले. त्यांपैकी २४ जणांना औषध दिलं, ९ जणांना नुसती पिठाची गोळी. औषध घेणाऱ्या २४ पैकी जवळपास सगळ्यांची कामपूर्ती पूर्ण किंवा अंशतः थांबली. पिठाची गोळी घेणाऱ्या नऊंपैकी एकाचीही नाही. आणि महिनोन्महिने गेले तरी शरीर फारसं सरावलं नाही. एवढ्या लख्ख निकालाचे प्रयोग मानसोपचारात फार नसतात. त्यांनी आणखी एक सांगितलं : समोर बसवून पद्धतशीर विचारलं तेव्हाच हे बाहेर आलं, एरवी फारच कमी रोग्यांनी सांगितलं.

गंमत बघा, त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला परवानगी मिळाली. प्रोझॅक हो! आणि १९८८ पासून इतिहास बदलला. जुन्या औषधांचा अतिसेवनात जीव जाण्याचा धोका मोठा होता, हिचा कितीतरी कमी. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता यांचा त्रासही कमी. साधा फॅमिली डॉक्टर लिहून देऊ लागला. कंपनीच्या चाचण्यांत कामजीवनाच्या तक्रारींचे आकडे अगदी किरकोळ, एक आकडी टक्क्यांत. आकडे खोटे होते असं मी म्हणत नाही. रोगी आपणहून जे बोलले तेवढं लिहिलं गेलं. त्या माहितीपत्रकाच्या तक्त्यात वीर्यस्खलनाच्या बिघाडाला स्वतंत्र ओळ आहे, फक्त पुरुषांवरून काढलेली. पॅरोक्सेटिनच्या तक्त्यात स्त्रियांसाठी ओळ आहे, तिचं शीर्षक "स्त्री जननेंद्रियांचे विकार". खाली बारीक टिपेत खुलासा असा की यात मुख्यत्वे कामपूर्तीच्या अडचणी आहेत. आता सांगा, कुठल्या बाईनं हे शीर्षक वाचून "अरे, हे माझ्याबद्दल आहे" असं म्हणायचं?

यानंतरचा अभ्यास मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम शिकवत असे, ज्ञानमीमांसेच्या तासाला. स्पेनमधल्या सालामांकाचे आन्हेल मोंतेहो आणि सहकारी, १९९७. रोगी ३४४, पैकी स्त्रिया १९२. फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन यांपैकी एक घेणारे. आपणहून कामजीवनाची तक्रार सांगणारे किती? शेकडा १४. डॉक्टरांनी थेट विचारल्यावर? शेकडा ५८. गोळ्या त्याच आणि माणसंही तीच. मध्ये फक्त एक प्रश्न आला आणि आकडा चौपट झाला. पुरुषांमध्ये प्रमाण थोडं जास्त निघालं, पण त्रासाची तीव्रता स्त्रियांमध्ये अधिक. आणि "ठीक आहे, चालवून घेतो" म्हणणारे जेमतेम चौथा हिस्सा. २००१ साली याच गटानं हजाराहून जास्त रोग्यांवर हे पुन्हा करून पाहिलं, तेव्हा एकूण प्रमाण ५९ टक्क्यांच्या आसपास आलं, स्त्रियांमध्ये ५७.

इथे मी वात्स्यायनाकडे वळते, कुणी दचकू नका. कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणाच्या पहिल्याच अध्यायात एक वाद आहे : स्त्रीला पुरुषासारखंच सुख मिळतं का? औद्दालकीचं मत एक, बाभ्रव्याच्या अनुयायांचं दुसरं, आणि वात्स्यायन अखेर दोघांच्या सुखाला सारखंच म्हणतो. पण वादाच्या ओघात एक पायरी येते ती मला फार अर्थपूर्ण वाटते. दुसऱ्याचं सुख आपल्याला थेट कळत नाही, आणि तुझं सुख कसं आहे हे विचारून कळण्यासारखंही नाही, अशा आशयाची शंका तिथे आहे. परमनाचं ज्ञान कसं होतं, हा प्रश्न पाश्चात्त्यांनी विसाव्या शतकात केवढा उगाळला! तो इथे शय्यागृहात उभा आहे. सालामांकाच्या डॉक्टरांनी काय केलं? विचारलं. उत्तर मिळालं.

मग बायका आपणहून का सांगत नव्हत्या? लाजेनं, हे उत्तर सोपं आहे आणि अर्धवट आहे. मिरांडा फ्रिकर या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी २००७ साली ज्ञानाच्या क्षेत्रातल्या अन्यायावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : काही अनुभवांना समाजाच्या भाषेत नावच नसतं, म्हणून तो अनुभव घेणाऱ्यालाही तो नीट कळत नाही. आपल्याकडे बघा. या क्षणाला मराठीत घरगुती शब्द कुठला? मी आज कधी परमोच्च क्षण म्हणतेय, कधी कामपूर्ती, दोन्ही पुस्तकी. शिवी चालते, संस्कृत चालतं, मधलं काही नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' काढत राहिले आणि स्त्रीलाही इच्छा असते, सुखाचा हक्क असतो हे रोखठोक लिहीत राहिले. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला चालला, तेव्हा बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. गुन्हा काय, तर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं!

आणि जिला शब्द नाही ती काय समजते? माझं वय झालं. माझं नवऱ्यावरचं मन उडालं. मीच थंड. नवराही तेच समजतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी, नाव-गाव सोडा, सांगत होती की तिच्या घरी यावरून वेगळं होण्यापर्यंत गोष्ट गेली आणि मग तिनं गुपचूप गोळी सोडली. पुढचे तीन महिने तिनं कसे काढले ते ती बोलत नाही. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी दोन वाक्यं बोलली असती तर? अनेकांना वाटतं की सांगितलं तर रोगी गोळी घेणारच नाही. मला हे पटत नाही. न सांगितल्यानं गोळी सुटतेच, फक्त डॉक्टरला न कळता सुटते.

शरीरात काय होतं ते थोडक्यात. सेरोटोनिन वाढलं की इच्छेला रेटा देणारं डोपामिनचं काम मंदावतं, आणि कामपूर्तीच्या प्रतिक्षिप्त क्रियेवर सेरोटोनिनचा लगाम बसतो. बुप्रोपियॉनसारखी औषधं सेरोटोनिनच्या वाटेला जात नाहीत, म्हणून त्यांत हा त्रास बराच कमी. मिर्टाझापिनमध्येही कमी. म्हणजे डॉक्टरांच्या हातात डोस कमी करणं, औषध बदलणं, दुसरं जोडणं असे मार्ग असतात. प्रत्येकीला सगळे लागू पडतील असं नाही.

आता 'दुष्परिणाम' या शब्दाकडे जरा बघू या. हाच लगाम पुरुषात बसला की स्खलन लांबतं. १९७३ सालीच क्लोमिप्रामिन शीघ्रपतनावर वापरून पाहिलं होतं. पुढे पॅरोक्सेटिन त्यासाठी दिलं जाऊ लागलं, आणि मग डॅपोक्सेटिन तर खास त्याच कामासाठी निघालं, ते आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांतही आहे. एकाच परिणामाला एका शरीरात उपचार म्हणतात आणि दुसऱ्या शरीरात त्याची नोंदही होत नाही. परिणाम तेवढा औषधाचा असतो, 'दुष्' हे आपण लावतो. ते कोण लावतं, हे बघण्यासारखं आहे.

व्हायग्रा १९९८ ची. नैराश्याच्या गोळ्यांनी अडचण आलेल्या पुरुषांवर तिची चाचणी जामा या नियतकालिकात २००३ साली आली, स्त्रियांवरची २००८ साली. त्याच नियतकालिकात आणि त्याच मुख्य संशोधकाकडून, पण पाच वर्षांनी. ९८ स्त्रिया होत्या आणि काही सुधारणा दिसली. मधल्या काळात, २००४ साली, स्त्रियांच्या उत्तेजनेवर व्हायग्रा आणायचा नाद कंपनीनंच सोडला होता.

आणि फ्लिबान्सेरिनची गोष्ट तर नाटकात घालावी अशी. बोहरिंगर इंगेलहाइम या जर्मन कंपनीनं ते बनवलं नैराश्यावर. नैराश्यावर ते चाललं नाही. पण चाचण्यांत कामेच्छेच्या बाबतीत काही वेगळं दिसलं म्हणून स्त्रियांच्या मंद कामेच्छेवरचं औषध म्हणून ते पुन्हा पुढे आलं. २०१० मध्ये नकार, कंपनी बदलली, २०१३ मध्ये पुन्हा नकार, मग स्त्री-पुरुष समानतेच्या नावानं मोठी मोहीम, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये परवानगी. रोज घ्यायची गोळी, आणि फायदा पिठाच्या गोळीपेक्षा महिन्याला अर्धा ते एक समाधानाचा प्रसंग इतका. दारूबरोबर घेतली तर रक्तदाब कोसळण्याचा धोका होता, म्हणून त्याची वेगळी चाचणी झाली. स्त्रियांसाठीच्या औषधाच्या या चाचणीत २५ जण होते, त्यांतले २३ पुरुष. ऐकणारे हसतात, मीही पहिल्यांदा हसले होते. त्या काळात स्त्रीवादी मंडळींतही दोन तट पडले. एक म्हणे, पुरुषांना गोळी मिळते, आम्हाला का नाही? लिओनोर टीफर यांच्यासारख्या म्हणत, बाईच्या आयुष्यातली दमणूक, नातं, भीती यांना आजार ठरवून गोळी विकू नका. मला टीफर बाईंचं पटतं, पण एक पुस्ती जोडून. गोळीनं जे गेलं आहे ते आयुष्याच्या दमणुकीत ढकलणंही तितकंच चुकीचं. तिथे कारण रासायनिक आहे आणि ते नोंदवायलाच हवं.

शेवटचा टप्पा अगदी अलीकडचा आणि अजून चालू असलेला. गोळी थांबल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं. पण २००६ पासून अशा नोंदी छापल्या जाऊ लागल्या की काहींचं होत नाही. महिने, वर्षं संवेदना बोथटच राहते. हे किती जणांना होतं, का होतं, याचं पक्कं उत्तर आज कुणाकडेच नाही. पण २०१९ साली युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीनं ठरवलं की गोळी बंद केल्यानंतरही हा त्रास टिकल्याच्या नोंदी आहेत, अशी सूचना माहितीपत्रकात घालायची. ती सूचना तिथवर आली कशी? ज्यांना त्रास झाला ते लिहीत राहिले, पुन्हा पुन्हा.

आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. त्याच्या २२ व्या कलमात रुग्णाला सुचवलेला उपचार आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम यांची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. ज्ञात, म्हणजे माहीत असलेले. १९८७ पासून माहीत असलेले. ओपीडीत दहा मिनिटांत पाच रोगी बघणारा डॉक्टर हे कधी सांगणार, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर एक छापील कागदही पुरेल. मोजायची साधनंही तयार आहेत. अॅरिझोना विद्यापीठाची एक प्रश्नावली २००० साली आली, अवघ्या पाच प्रश्नांची, स्त्रियांसाठी वेगळी. भरायला दोन मिनिटं लागतात. गोळी सुरू करण्याआधी एकदा आणि महिना-दोन महिन्यांनी एकदा भरून घेतली, तर आजारानं काय गेलं आणि औषधानं काय, हे बऱ्याच अंशी समोर दिसेल. पहिली नोंद आधीची हवी, एवढंच. ती नसेल तर नंतर काहीच सिद्ध करता येत नाही, आणि आपण परत हॅमिल्टनच्या चौदाव्या खणात.

आता प्रश्न घेऊ या. चिठ्ठ्यांवर नाव नसलं तरी चालेल.